आहेराचे पाकीट, तिळगुळाची पुडी : माप, घडी आणि खळ

परभणी जिल्ह्यात मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम चालतात आणि पुढे लग्नसराई येते. तिळगूळ, अक्षता, आहेराची नोट अशा लहान वस्तूंना लहानच वेष्टन लागते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून मिठाईचे डबे व निमंत्रणपत्रिका यांवरील प्लास्टिकच्या वेष्टनालाही देशभर मनाई झाली. त्यामुळे हाताने केलेल्या कागदी पाकिटांना महत्त्व आले आहे. महिला बचत गटांना घरबसल्या करता येण्याजोगे हे काम आहे. मात्र पाकीट ज्या वस्तूसाठी करायचे, तिच्यावरूनच त्याचे माप आणि कागद ठरवावा लागतो.

माप

पाचशे रुपयांची नोट १५ सें.मी. लांब आणि ६.६ सें.मी. रुंद असते. तिच्यासाठी १६.५ बाय ८ सें.मी.चे पाकीट पुरेसे होते. ए-४ आकाराचा कागद २९.७ बाय २१ सें.मी.चा असतो. त्यातून १७.५ बाय २१ सें.मी.चा तुकडा कापल्यास असे एक पाकीट होते. उरलेल्या पट्टीचे १२.२ बाय १०.५ सें.मी.चे दोन तुकडे करावेत, त्यांतून ५.५ बाय ७ सें.मी.च्या दोन पुड्या निघतात. कागद वाया जात नाही.

कृती

मोठा तुकडा उभा धरून उजवीकडे १.५ सें.मी.ची चिकटपट्टी आखावी. उरलेल्या १६ सें.मी. रुंदीचे दोन समान भाग करावेत. खाली २ सें.मी. तळ आणि वर २.५ सें.मी. झाकण यांच्या रेषा आखाव्यात. तळ व झाकण डाव्या भागालाच ठेवून उजव्या भागाचे आणि चिकटपट्टीचे तेवढे तुकडे कापून टाकावेत. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधारे रेषा दाबून घेतल्यास घडी सरळ येते. आधी चिकटपट्टी, मग तळ चिकटवावा. पुडीसाठी चिकटपट्टी १.२, तळ १.५ आणि झाकण २ सें.मी. ठेवावे. मोठ्या संख्येने करायची असल्यास पुठ्ठ्याचा फर्मा कापून ठेवावा.

खळ

एक वाटी मैदा सुमारे पाच वाट्या पाण्यात गुठळ्या न राहता कालवून, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. खळ पातळ लावावी. जाड थराने कागद सुरकुततो. चिकटवलेली पाकिटे पाटाखाली दाबून सुकवावीत. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. परंतु मोरचूद विषारी असल्याने खाद्यपदार्थांच्या पुड्यांसाठी तो मुळीच वापरू नये. अशा पुडीला स्टेपलरची पिनही लावू नये.

कागद

जुन्या वर्तमानपत्राची पुडी स्वस्त पडते. पण छपाईची शाई अन्नात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्येच याबाबत सावध केले आहे. तिळगुळासाठी कोरा, न छापलेला कागद घ्यावा आणि आत बटर पेपर घालावा. दिनदर्शिकेची जुनी पाने नोटेच्या पाकिटास चालतात. लग्नपत्रिकेचा जाड कागद घडीवर तडकतो, म्हणून १०० ते १२० ग्रॅम वजनाचा कागद सोयीचा.

अधिक टिकाऊ पाकीट हवे असल्यास हातकागद उत्तम. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होणाऱ्या या कागदाचे तंतू लांब असल्याने तो घडीवर सहसा फाटत नाही. मराठवाड्याला ही कला नवी नाही. दौलताबादजवळील कागजीपुऱ्यातील कागदनिर्मितीची परंपरा चौदाव्या शतकातील तुघलकी राजवटीशी जोडली जाते, तर पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था स्थापन झाली.

विक्रीचा दर ठरवताना कागद व खळीबरोबर आखणी, कापणी आणि सुकवणीचा वेळही मोजावा. शंभर पाकिटांना प्रत्यक्ष किती तास लागले याची नोंद ठेवल्यास मजुरीचा हिशेब चुकत नाही.