रानपिंगळा: ११३ वर्षांनी सातपुड्यात पुन्हा सापडलेलं घुबड

सातपुड्याच्या डोंगररांगांत राहणारं हे एक छोटं घुबड. लांबी जेमतेम २३ सेंटीमीटर. १८८४ नंतर त्याची एकही खात्रीशीर नोंद झाली नाही. हा पक्षी नामशेष झाला असंच अनेकांनी धरून चाललं होतं. १९९७ साली तो शहाद्याजवळ भर दिवसा एका झाडावर बसलेला दिसला. तो इतकी वर्षं सापडला नाही, यामागे विरळ होत गेलेलं जंगल होतं, तशीच एक बनवाबनवीही होती.

पहिली ओळख

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात हा पक्षी मिळाला. त्यांनी तो ए. ओ. ह्यूम यांच्याकडे पाठवला. काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलेले ते हेच ह्यूम. त्या काळी ते भारतातल्या पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७३ मध्ये त्यांनी या नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला ब्लेविट यांचं नाव दिलं.

पुढच्या काही वर्षांत आणखी मोजकेच नमुने गोळा झाले. त्यातले बरेचसे खानदेशात काम करणारे ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांचे होते. १८८४ पर्यंत जगभरातल्या संग्रहालयांत मिळून फक्त सात नमुने होते. त्यानंतर शांतता पसरली.

खोट्या लेबलाने चुकवलेली वाट

तरीही कागदोपत्री एक नोंद पुढची होती. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातमध्ये, तापी नदीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मिळाल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे पुढच्या शोधकर्त्यांचं लक्ष तिकडे गेलं. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनाही हा पक्षी सापडला नाही.

अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि ब्रिटिश अभ्यासक नायजेल कॉलर यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा खरा प्रकार कळला. १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना मुळात डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात गोळा केलेला होता. माइनर्ट्‌झहागेन यांनी तो संग्रहालयातून लांबवला, त्यात नव्याने भरण केलं आणि स्वतःचं लेबल लावलं. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

२५ नोव्हेंबर १९९७

मांडवीची नोंद बाजूला ठेवली की उरत होती ती जुनी, खरी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं आधी पूर्वेकडच्या जागांवर फिरले. तिथे काही मिळालं नाही. मग ते खानदेशात आले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. तिथे, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा दिसला. त्याचे फोटो आणि चित्रीकरणही झालं. ज्या मुलखात डेव्हिडसन यांनी त्याची नोंद केली होती, त्याच मुलखात तो शतकाहून अधिक काळ राहत होता.

त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ आणि मेळघाटात काम करून त्याच्या सवयींची माहिती जमवली.

हमरापूरला दिसतो तो कोणता पिंगळा?

गावातल्या चिंचेवर किंवा पडक्या भिंतीत दिसणाऱ्या छोट्या घुबडाचा फोटो काढून "दुर्मिळ रानपिंगळा" अशी पोस्ट टाकली जाते. पण पेण, हमरापूर, रोहा या भागात वस्तीजवळ दिसतो तो साधा पिंगळा. तिघांमधला फरक असा:

- साधा पिंगळा: डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके. गावात, शेतात, शहरातही राहतो. अंधार पडू लागला की कलकलाट करतो.
- जंगली पिंगळा: डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडव्या रेषा. कर्नाळ्यासारख्या झाडीत आढळतो.
- रानपिंगळा: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय दणकट. बऱ्याचदा दिवसा, उघड्या फांदीवर बसून शिकार करतो.

सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि मोठे किडे हे रानपिंगळ्याचं खाद्य. घरटं झाडाच्या ढोलीत.

आता तो कुठे आहे?

महाराष्ट्रात मेळघाट, तोरणमाळ आणि यावलच्या परिसरात, तसंच मध्य प्रदेश आणि गुजरातच्या लगतच्या जंगलांत. २०१४ मध्ये तो ठाणे-पालघरच्या हद्दीवरच्या तानसा अभयारण्यात आढळला. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीचं हे जंगल. सातपुड्याबाहेर, सह्याद्रीच्या कुशीत मिळालेली ही नोंद म्हणूनच महत्त्वाची ठरली.

जागतिक लाल यादीत रानपिंगळा बरीच वर्षं "अतिसंकटग्रस्त" होता. २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली, "संकटग्रस्त" गटात आणलं गेलं. याचा अर्थ पक्षी वाढले असा नाही. नव्या जागा कळल्या, म्हणून अंदाज बदलला. प्रौढ पक्ष्यांची संख्या आजही हजाराच्या आतच मानली जाते. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला सर्वोच्च संरक्षण आहे.

धोका कशाचा?

सर्वात मोठा धोका जंगल विरळ होण्याचा. शेतीसाठी झाडी साफ होते, सरपण आणि लाकडासाठी तोड होते, उन्हाळ्यात वणवे लागतात. जुनं झाड गेलं की ढोली जाते. नवं रोप लावून ती लगेच मिळत नाही, कारण खोडाला ढोली पडायला कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे केवळ वृक्षारोपणाच्या आकड्यांनी या पक्ष्याचं भागत नाही.

दुसरा धोका अंधश्रद्धेचा. पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोश्यामुळे हे नाव महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे. पण घुबड अशुभ मानून त्याला मारणं, किंवा जादूटोण्यासाठी त्याचे अवयव वापरणं, हे प्रकारही होतात. घुबड पकडणं, विकणं किंवा मारणं हा गुन्हा आहे.

दिसला तर काय करावं?

लांबूनच फोटो घ्या. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो शिकार आणि पिल्लं सोडून धावत येतो. घरट्याची नेमकी जागा किंवा लोकेशन पोस्ट करू नका, नोंद वनविभागाला द्या. जखमी घुबड आढळलं किंवा विक्री होताना दिसली, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

एका खोट्या नोंदीमुळे हा पक्षी शोधणाऱ्यांची वाट कित्येक वर्षं चुकली. म्हणून "रानपिंगळा दिसला" असं लिहिण्याआधी डोक्यावरचे ठिपके एकदा नीट पाहून घ्यावेत.