पेल्याचा क्रम

प्रभुभोजनाचा पेला आमच्या मंडळीत एकच होता. पितळी, आतून कल्हई केलेला. पाळकसाहेब तो आधी पुढच्या ओळीला द्यायचे, मग मधल्या ओळीला आणि शेवटी दाराशी बसलेल्या आमच्या माणसांना. पुढे आणि मधे बसायची ती मूळची महार घरं. दाराशी आम्ही, मांगांची चार घरं. आमच्या ओठाला लागलेला पेला पुन्हा पुढे गेला, असं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. पुढच्या ओळीतलं कुणी उशिरा आलं आणि तोवर पेला आमच्यापर्यंत पोचलेला असला, तर तो माणूस त्या रविवारी प्रभुभोजन न घेता तसाच घरी जाई. 'आज मन तयार नव्हतं' म्हणे. मंडळीच्या कुठल्याही वहीत असा नियम लिहिलेला नव्हता.

मी करमाळा तालुक्यातली. भीमेच्या काठच्या ज्या गावात जन्मले ते गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं. पुढे पुनर्वसनाच्या गावठाणात वाढले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले आणि निवृत्तही झाले. गावाचं आणि मंडळीचं नाव इथे लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची लेकरं-नातवंडं माझ्या दाराला दार लावून राहतात. पण हा इतिहास लिहिलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासात बाप्तिस्म्यांच्या तारखा असतात, साहेबांची नावं असतात, शाळा-दवाखान्यांच्या पायाभरण्या असतात. कोण कुठे बसलं, हे त्यात कधीच नसतं.

चर्चमधला भेदभाव म्हटलं की लोकांना गोरे आणि काळे आठवतात. ते खोटं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप कॉलनीत डच रिफॉर्म्ड चर्चपुढे पेल्याचाच प्रश्न आला होता. काही गोऱ्यांना काळ्या सभासदांबरोबर प्रभुभोजन नको होतं. १८२९ च्या धर्मसभेने ठणकावलं की रंग न पाहता सगळ्यांना एकत्रच दिलं जाईल. १८५७ ला त्याच चर्चची धर्मसभा नमली. काहींच्या मनाच्या दुर्बलतेचं कारण देऊन काळ्यांची उपासना वेगळ्या ठिकाणी भरवायला तिने मोकळीक दिली. अट्ठावीस वर्षांत एवढं अंतर पडलं. दुर्बलता गोऱ्यांची होती आणि बाहेर काळ्यांनी जायचं होतं.

आपल्या भागात ज्यांनी मंडळ्या उभ्या केल्या त्या अमेरिकन बोर्डाचा इतिहासही याच प्रश्नाशी बांधलेला आहे. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेलं हे बोर्ड. त्याचे मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८३१ ला नगरला आले. त्याच बोर्डाच्या चेरोकी आणि चोक्टॉ आदिवासींमधल्या मंडळ्यांत गुलाम बाळगणारे सभासद होते. त्यांना बाहेर काढायला बोर्ड तयार होईना, म्हणून गुलामगिरीविरुद्ध असलेल्या लोकांनी १८४६ मध्ये वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. आणि त्याच बोर्डाची माणसं नगरला आग्रह धरत होती की बाप्तिस्मा घेणाऱ्याने सगळ्यांबरोबर एका पंक्तीला बसून जेवलंच पाहिजे. १८३९ ला नगरला बाप्तिस्मा घेतलेले हरी रामचंद्र खिस्ती ब्राह्मण होते. त्यांच्यासाठी या पंक्तीचा अर्थ काय असेल, ते आपण समजू शकतो. घरचा भेद दिसत नाही आणि परक्याचा लगेच दिसतो, हे साहेबांच्या बाबतीत खरं होतं आणि आमच्या पुढच्या ओळीच्या बाबतीतही.

सोलापूरला मिशनचं ठाणं १८६० नंतर पडलं. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो १८९९-१९०० च्या दुष्काळात. आजीची आई त्या दुष्काळात पोरकी झाली आणि मिशनच्या आसऱ्याला आली. तिथे तिला अक्षर आलं, लुगडं आलं, आणि ती जेवायला सगळ्या पोरींच्या रांगेत बसली. आजी सांगायची, आईने आयुष्यात जातीविना खाल्लेलं जेवण तेवढंच. लग्न होऊन गावी आली आणि दाराशी बसली.

असं का झालं, हे मला पुष्कळ वर्षं समजत नव्हतं. गावकीत महारांना वतन होतं. वतनाच्या तुकड्याला लागून थोडी अब्रू होती, पाटलाच्या चावडीवर काम होतं. मांगांकडे दोर, केरसुण्या आणि हलगी. दोन्ही वस्त्या वेशीबाहेर, दोघांनाही गावच्या विहिरीवर मज्जाव, तरी महारवाड्याचं पाणी मांगवाड्याला चालत नसे. नगर-सोलापूरकडे ख्रिस्ती झालेल्यांत महार बहुसंख्य होते आणि ते आधी आले. मंडळी त्यांच्या वस्तीत भरली, मास्तर त्यांच्यातला झाला, पंच त्यांच्यातले झाले. मांग मागून आले तेव्हा त्यांना जागा जुन्या गावकीच्याच हिशेबाने मिळाली. ज्यांना साऱ्या गावाने बाहेर ठेवलं होतं, त्यांना आपल्याहून कुणी बाहेर आहे एवढाच आधार उरला होता. मी त्यांना माफी देते आहे असं नाही, पण त्यांच्याकडे दुसरं काय होतं तेही पाहावं लागतं.

फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचं पत्र आणि मुक्ता मांगाची मुलगी. निबंधाच्या नावातच तिने मांग आणि महार यांचं दुःख एकत्र मांडलं आहे. मिशनच्याच पत्रात हे छापलेलं असताना मिशनच्या मंडळ्यांना ती जोडी पुढे सव्वाशे वर्षं एका सतरंजीवर बसवता आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या घरी दोराचा धंदा. घायपाताची पानं नदीकाठच्या खड्ड्यात कुजत घालायची, आठ-पंधरा दिवसांनी काढून दगडावर आपटायची, धुवायची, की पांढरा वाख सुटतो. त्याची दावी, कासरे, विहिरीचे नाडे वळायचे. चर्चच्या घंटेचा दोरही आमच्याच घरून जायचा. आबा तो चार पदरी वळायचे, टोकाला गाठ मारून वर सुताची गुंडाळी करायचे, म्हणजे ओढणाऱ्याच्या तळव्याला कूस लागत नाही. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. दर रविवारी घंटा मात्र पुढच्या ओळीतलाच माणूस वाजवायचा. कृष्णराव सांगळ्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, तेव्हापासून पेटी, तबला, झांजा देवळात आल्या. आमची हलगी आली नाही. ती मरिआईपुढे वाजलेली आहे, असं पंच म्हणायचे. झांज विठोबापुढे वाजलेली होतीच की.

नदीने खाली गेलं की पंढरपूर. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही काळ तिथेच होत्या. पुढे पाच वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. पण मधल्या काळात नवऱ्याकडे राहायला जाऊनही त्यांनी आपलं सोवळं आणि चूल वेगळी ठेवली होती, आणि 'स्मृतिचित्रे'त ते सगळं स्वच्छ लिहून ठेवलं. विटाळ मनातून एका रात्रीत जात नाही, हे त्यांनी मान्य केलं म्हणून तो पुढे गेला. आमच्या मंडळीत तो आहे हेच कुणी मान्य करत नव्हतं.

१९३७ सरताना डॉ. आंबेडकर पंढरपूरच्या परिषदेला आले होते. तिथून सोलापूरला गेले आणि १ जानेवारी १९३८ ला त्यांनी तिथल्या ख्रिस्ती लोकांपुढे भाषण केलं. फेब्रुवारीत ते 'जनता'त आलं. धर्मांतरासाठी आपण बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचाच विचार करतो, असं त्यांनी सांगितलं. आणि तिथेच त्यांनी बोट ठेवलं की दक्षिणेतले ख्रिस्ती देवळातही जात पाळतात, ख्रिस्ती समाज राजकारणात मागे आहे आणि सामाजिक अन्याय हटवण्यासाठी तो समाज म्हणून कधी लढलेला नाही. माझी खात्री आहे की त्या सभेत बसलेल्यांना दक्षिणेपर्यंत जायची गरज नव्हती. त्यांच्यातला प्रत्येक जण आपल्या गावच्या मंडळीत कोण कुठे बसतं ते जाणत होता. त्या दिवशी ते ऐकून सोलापूर जिल्ह्यातल्या मंडळ्यांनी काही केलं असतं, तर पुढचा इतिहास बदलला असता.

मग १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला. हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत धरायचं नाही. शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आमच्या आबांनी माझं नाव शाळेत घालताना 'हिंदू मांग' लिहिलं. वाडीतल्या बहुतेक घरांनी तेच केलं, पुढच्या ओळीतल्यांनीही केलं. पण मंडळीच्या पंचांची निवड आली की कागद फक्त आमचे निघायचे. तुम्ही कागदावर हिंदू, तुम्हाला मत कसं द्यायचं? सरकारने जात धरून ठेवायला लावली आणि मंडळीने तीच जात आमच्या तोंडावर फेकली. १९५६ नंतर महार घरांतली काही बौद्ध झाली. मागे राहिलेल्यांना आपली ओळ आणखीच घट्ट धरावीशी वाटली असावी.

एक बाई मात्र सांगितली पाहिजे. त्या बायबलबाई होत्या, पुढच्या ओळीतल्या घरच्या, विधवा, पांढरं लुगडं, काखेत कापडी पिशवी. वाड्यावस्त्या पायी फिरून बायकांना वाचायला शिकवायच्या. मी दुसरी-तिसरीत असेन. एका रविवारी त्या आत आल्या, पुढे गेल्या नाहीत, दाराशी आमच्या सतरंजीवर आजीच्या पलीकडे बसल्या. पेला आला. आजीने घेतला. बाईंनी आजीच्या हातून तो घेतला, आजीने प्यायलेल्याच कडेला ओठ लावून प्यायल्या आणि पदराने न पुसता पाळकांना परत दिला. सगळी मंडळी मागे वळून पाहत होती. गीत सुरू व्हायचं होतं, पेटीवाल्याचा हात तसाच राहिला. त्यांच्या भावजयीने पुढे कितीतरी दिवस त्यांना चुलीपाशी येऊ दिलं नाही, हे आजीने मला मोठी झाल्यावर सांगितलं. बाई शेवटपर्यंत दाराशीच बसल्या. त्यांच्या मागून दुसरं कुणी आलं नाही.

त्यानंतर धरण. १९८० ला ते पूर्ण झालं. ११७ टीएमसी पाणी, नाव यशवंतसागर. कुगाव, केत्तूर, वांगी, पळसदेव, किती गावं हलली. माणसांनी माळवदांच्या तुळया, दारं, चौकटी उपसून बैलगाड्यांत घातल्या. आम्ही चर्चच्याही काढल्या. घंटा उतरवायला आबा आणि चुलते होते, दोन दिवस सगळ्या वस्तीने मिळून ओझी वाहिली, एका पातेल्यातलं पिठलं आणि भाकरी खाल्ली. तेव्हा मला वाटलं होतं की आता सगळं नव्याने मांडलं जाईल.

नव्या गावठाणाचा नकाशा आला तेव्हा दलित वस्तीच्या दोन गल्ल्या आखलेल्या होत्या. कोणती कुणाची, ते प्लॉट वाटताना आपोआप ठरलं. चर्च त्यांच्या गल्लीत. पहिल्या रविवारी मोकळ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. बाकं नव्हती, ओळी नव्हत्या, कुणाची जागा अशी नव्हतीच. माणसं आत येत गेली आणि कुणी काही न सांगता आपापल्या जागी बसली. आबासुद्धा दाराशी बसले. मी पंधरा वर्षांची होते. मी त्यांना पुढे ओढलं, तर त्यांनी माझा हात सोडवून घेतला.

आमच्या घायपाताच्या खड्ड्यांवर आता केवढं तरी पाणी आहे. उसामुळे काठच्या शेतकऱ्याला पैसा आला, मासेमारी आली, थंडीत रोहित पक्षी पाहायला पुण्याचे लोक येतात. दोर नायलॉनचे झाले. मंडळीत एका पेल्याच्या जागी काचेच्या छोट्या कुप्या आल्या, आरोग्याच्या कारणाने. त्यामुळे कुणाचं उष्टं हा प्रश्न मिटला, आणि मिटवताना कुणाला काही बोलावं लागलं नाही. सोयरिकीत मात्र भेद अजून तसाच आहे. स्थळ आलं की नाव, शिक्षण, पगार, बाप्तिस्म्याचा दाखला आणि मग आवाज खाली आणून 'मूळचे कोण?' माझ्या भाचीचं ठरत आलेलं लग्न याच प्रश्नावर मोडलं. दोन्ही घरं चौथ्या पिढीची ख्रिस्ती.

सध्या आमच्या मंडळीत कबरस्तानाचा विषय चालू आहे. जुनं कबरस्तान पाण्यात गेलं, नव्याची जागा भरत आली. त्यातही बांधाच्या अलीकडे त्यांची माती, पलीकडे आमची. ग्रामपंचायतीकडे वाढीव जागा मागायची आहे आणि अर्जाला नकाशा जोडायचा म्हणून पंचांनी मला तो काढायला सांगितला, कारण शाळेत असताना मी नकाशे चांगले काढायचे. मी ओळी आखल्या आणि वर लिहिलं: जागा मरणाच्या तारखेप्रमाणे. बैठकीत तो कागद फिरला. तरुण पाळकांनी पहिली सही केली, आमच्या चारही घरांनी केली, पुढच्या ओळीतल्या सहा घरांनी केली. त्यात बायबलबाईंच्या भावाचा नातू आहे. पाच घरांनी अजून केलेली नाही. कागद माझ्याकडे आहे आणि मी रविवारी उपासना सुटली की तो घेऊन त्यांच्या दारात जाते.