मूकपटांतील आगगाडीचे दरोडेखोर

चित्रपट पाहून मुले बिघडतात, ही तक्रार फार जुनी आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास अमेरिकेतील आगगाडीच्या दरोड्यांवरील मूकपटांची आठवण होते. आणि त्यांचा इतिहास पाहिल्यावाचून या तक्रारीचा निवाडा करणे आम्हांस उचित वाटत नाही.

१९०३ साली एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर याने ‘दि ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सुमारे १२ मिनिटांचा मूकपट न्यू जर्सीत तयार केला. तारमास्तरास बांधून टाकून दरोडेखोर, एंजिन पाणी घेण्यास थांबले असता, गाडीत शिरतात. रखवालदारास ठार करून तिजोरी सुरुंगाने फोडतात. उतारूंना रुळांलगत ओळीने उभे करून लुबाडतात, आणि पळू पाहणाऱ्या एकास गोळी घालतात. शेवटी पाठलाग होऊन तेही मारले जातात. कथा एवढीच. परंतु या साऱ्या प्रकारात कॅमेरा इतका दूर ठेवलेला आहे की, कोणाही दरोडेखोराचा चेहरा मनात ठसत नाही. त्यास नाव नाही, पूर्ववृत्त नाही. तो भयंकर वाटतो. प्रिय वाटत नाही.

चेहरा जवळून दिसतो तो एकाच दृश्यात. टोळीचा नायक झालेला जस्टस बार्न्स प्रेक्षकांवरच पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. हे दृश्य आरंभी लावावे की शेवटी, हे कंपनीने खेळ करणाऱ्याच्या मर्जीवर सोडले होते. इतका त्याचा कथेशी संबंध थोडा. तरीही त्याचा अर्थ आम्हांस मोठा वाटतो. मौज पाहण्यास आलेला प्रेक्षक त्या क्षणी उतारूंच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

पुढे पाचच वर्षांत दरोडेखोरास नाव मिळाले. याच मूकपटात काम केलेला गिल्बर्ट अँडरसन एसाने कंपनीचा एक संस्थापक झाला, आणि १९०८ साली त्या कंपनीचा ‘दि जेम्स बॉइज इन मिसूरी’ हा मूकपट निघाला. जेसी जेम्स हा खराखुरा दरोडेखोर. १८७३ साली त्याच्या टोळीने आयोवात रूळ सरकवून गाडी लुटली, तीत एंजिनचालक प्राणास मुकला. १८८२ साली साथीदाराच्याच गोळीने जेसी मेला, आणि गीतांतून व स्वस्त कादंबऱ्यांतून वीरपदास चढला. शिकागो शहराने १९०७ च्या आपल्या नियमान्वये या मूकपटास परवाना नाकारला. वाद इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९०९ साली निकाल शहराच्या बाजूने लागला. अल्प दराच्या तिकिटामुळे मुले मोठ्या संख्येने येतात, हा मुद्दा न्यायालयास महत्त्वाचा वाटला.

न्यायालयाची चिंता खरी होती; परंतु गुन्हा दाखविलाच जाऊ नये, हा न्याय लावल्यास पोर्टरची कृतीही टिकणार नाही. दरोडेखोर निघून जाताच त्याचे उतारू पडलेल्या माणसाकडे धाव घेतात, हे त्याने विसरू दिलेले नाही. ज्या चित्रात त्या मेलेल्या उतारूस जागा नाही, ते मुलांना दाखविताना वडीलधाऱ्यांनी दोनदा विचार करावा. बंदी घालणाऱ्या अधिकाऱ्याने मात्र दहादा करावा.