प्रसाविका : कार्यक्षमतेचे मानसशास्त्रीय घटक

बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेच्या कामावर परिणाम करणारे मानसिक घटक. आत्मविश्वास, निर्णयस्वातंत्र्य, सहकाऱ्यांचा आधार, कामाचा ताण व भावनिक थकवा हे त्यांतील प्रमुख होत. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट करासेक यांच्या प्रतिमानानुसार (१९७९) कामाचा भार मोठा व अधिकार तोकडे असल्यास ताण वाढतो. माता वा अर्भक दगावल्यास प्रसाविकेलाही आघात बसतो. झोप व एकाग्रता बिघडू शकते. पुण्याच्या बुधवार पेठेतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसारख्या उपेक्षित गटांबाबत मनात पूर्वग्रह असल्यास वागणूक तुटक होते व गरोदर स्त्रिया तपासणी टाळतात. केंद्र शासनाच्या ‘लक्ष्य’ उपक्रमात (२०१७) प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणुकीवर भर आहे.