वत्सगुल्म: ताम्रपटापासून मोबाइलपर्यंत

आज आपण रिठदच्या निमित्तानं बोलणार आहोत. रिठद म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं गाव. इथं बसून प्राचीन साहित्य, इतिहास, कला यांचा अभ्यास कसा करायचा, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. मोठं ग्रंथालय नाही, संस्कृत-प्राकृत शिकवणारं जवळ कोणी नाही, मग हे सगळं पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम नाही का? आमचं म्हणणं असं, की यातला एक धडा तर रिठदच्या शेजारीच, वाशीमला सुरू होतो. आणि त्याची पानं आज बहुतेक मोबाइलवर उघडतात.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींची कथा सांगणारं ‘वत्सगुल्म-माहात्म्य’ इकडच्या पुष्कळांना ऐकून माहीत असतं. पण माहात्म्य वेगळं आणि इतिहास वेगळा. वत्सगुल्म ही एका राजघराण्याची राजधानी होती, हे 1939 पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, त्याच्या राज्याच्या 37व्या वर्षी, वत्सगुल्माहून दिलेला. दान होतं नांदेडकडच्या एका गावाचं. ताम्रपटात वंशावळ आहे: पहिला प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा इथून राज्य करत होती, हे त्यावरून कळलं.

आता गंमत बघा. अजिंठ्याच्या 16व्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हा लेख एकोणिसाव्या शतकातच वाचला गेला होता, पण अक्षरं झिजलेली, त्यामुळे सर्वसेनाचं नाव नीट लागलं नव्हतं. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर वा. वि. मिराशींनी तो लेख पुन्हा तपासला आणि नावं जुळली. म्हणजे अजिंठ्याची ती सुंदर लेणी कोणाच्या राज्यात कोरली गेली, याचं उत्तर पक्कं व्हायला वाशीमचा तांब्याचा पत्रा कामी आला.

या ताम्रपटाची भाषाही पाहण्यासारखी आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाचा व्यवहाराचा भाग प्राकृतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला. मराठीची नाळ प्राकृताशी आहे, असं आपण म्हणतो. पण आपल्या जिल्ह्यात सापडलेलं प्राकृत आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय?

आणि इथं फक्त ताम्रपट नाहीत, इथं कविताही झाली. तो सर्वसेन राजा स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ नावाचं प्राकृत काव्य होतं. कृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातला पारिजात आणला, ती त्याची कथा. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञानं त्याची दखल घेतली, भोजानं त्यातले श्लोक उदाहरणांसाठी घेतले. पण मूळ काव्य आज नाही. हरवलं. इतरांनी जे श्लोक उतरवून घेतले तेवढे उरले, आणि वि. म. कुलकर्णींसारख्या अभ्यासकांनी ते वेचून एकत्र केले. पुढं इसवी सनाच्या 900च्या सुमाराचा राजशेखर ‘काव्यमीमांसे’त एक रूपककथा सांगतो: काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न झालं. कुठं झालं? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात! कवितेचं सासर-माहेर काय असेल ते असो, मांडव मात्र वाशीमला पडला होता.

आता हे वाचायचं कुठं? मिराशींनी वाकाटकांचे सगळे कोरीव लेख एका मोठ्या इंग्रजी खंडात संपादित केले, 1963 साली. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हे त्यांचं मराठी पुस्तक त्याच्या आधीचं, 1957चं. कोरीव लेखांची ‘एपिग्राफिया इंडिका’ ही मालिका, जुनी गॅझेटिअरं, अशी पुष्कळ सामग्री इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेली मिळते. संस्कृत-प्राकृत ग्रंथांच्या संहिता जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या ‘ग्रेटिल’ या संग्रहात आहेत. मोल्सवर्थचा मराठी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून पाहता येतो. ‘गाथासप्तशती’पासून सुरुवात करायची असेल, तर स. आ. जोगळेकरांचं 1956चं मराठी संपादन आधी शोधा.

शोधताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, नावं. ‘वाशीम’ टाकून काही सापडलं नाही म्हणून थांबू नका. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ लिहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फुकट मिळतं ते बहुधा जुनं असतं. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा शिलालेख घ्या. देवसेन वाकाटकाच्या काळातला, शके 380चा, म्हणजे इसवी सन 457-58चा. ‘सुदर्शन’ नावाचा जलाशय बांधल्याची नोंद त्यात आहे. पाण्यासाठी आजही आभाळाकडं पाहणाऱ्या आपल्या भागात दीड हजार वर्षांपूर्वी तळं बांधून त्याचा लेख कोरला होता! पण हा लेख 1963च्या खंडात तुम्हाला मिळणार नाही, कारण तो नंतर उजेडात आला. म्हणजे स्कॅन वाचून ‘सगळं समजलं’ असं मानलं, तर शेजारच्या गावचंच तळं निसटतं. म्हणून पुस्तकाचं साल आधी बघायचं, आणि त्यानंतर काय सापडलं हे विचारायचं.

शेवटी एक मागणं. ‘हरिविजय’ हरवलं, कारण त्याची पुरी नक्कल कुठं टिकली नाही. जे श्लोक कोणीतरी उतरवले, तेच जगले. आपल्या गावांत अजूनही देवघरात लाल कपड्यात बांधलेल्या पोथ्या आहेत, फडताळात मोडीतले कागद आहेत. घर पाडताना, वाटण्या होताना ते रद्दीत जातात, नाहीतर श्रद्धेनं नदीत सोडले जातात. जुना तांब्याचा पत्रा मोडीत जायला वेळ लागत नाही. वाशीमचा ताम्रपट तसा गेला असता, तर वत्सगुल्मचे वाकाटक आपल्याला कदाचित कळलेच नसते.

तेव्हा पोथी विसर्जित करण्याआधी मोबाइलवर पानापानाचा फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, एका वेळी एकच पान, क्रम न मोडता. गाव, घर आणि तारीख लिहून ठेवा. शेत नांगरताना, पाया खोदताना काही जुनं सापडलं तर घासूनपुसून चकचकीत करू नका. अक्षरं जातात. जमिनीत सापडलेला मौल्यवान ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असा 1878 पासून कायदाच आहे.

दूरच्या संग्रहांतून आपण पुष्कळ घेतो आहोत, आणि घ्यावंच. पण त्या संग्रहांत रिठदच्या घराघरातलं काहीही नाही. ते दुसरं कोणी येऊन करेल, याची वाट बघू नका. ते काम आपलं आहे.