उल्हास नदी : जलवाहतूक
सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याणमार्गे वसईच्या खाडीला मिळणारी नदी. कल्याणपर्यंत भरतीचे पाणी चढते; जुने बंदर तेथेच वसले, हा योगायोग नव्हे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर येथील खाडीत जहाजबांधणीला हात घातला.

कल्याणच्या वर चित्र पालटते. खरवई-बदलापूर भागात पात्र उन्हाळ्यात उथळ व खडकाळ, पावसाळ्यात बेफाम. २०१९ च्या जुलैतील पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. बदलापूरचा बॅरेज बंधारा पिण्याच्या पाण्यासाठी आहे. बोटीला बंधारा ओलांडायचा तर जलपाश लागतो : बोट कोठीत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरून वा सोडून पातळी जुळली की पुढचे दार उघडायचे. गंगेवर फराक्का येथे अशी सोय आहे, उल्हासवर नाही. त्यामुळे खाजगी बोटीने मुंबईहून थेट बदलापूर गाठणे ही कल्पनाच ठरते. २०१६ च्या कायद्याने घोषित झालेल्या राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ मध्ये मात्र कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्गासह वसईची खाडी व उल्हास नदी यांचा समावेश आहे.