पाय वाचविण्याचा इतिहास

मधुमेह हा काही आजचा रोग नव्हे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. परंतु त्याची पायावर पडणारी धाड आपल्याकडे अजूनही उशिराच ओळखली जाते. हदगावच्या शिवारात अनवाणी वावरणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याच्या तळपायात काटा मोडतो. पाय बधिर झालेला, म्हणून तो दुखत नाही. रोहिण्या अरुंद झालेल्या, म्हणून जखमेस रक्त पोहोचत नाही. बोट काळे पडते, आणि मग पाय कापण्याची भाषा सुरू होते.

१९२२ साली टोरांटो येथे इन्शुलिन माणसास प्रथम टोचले गेले आणि मधुमेही जगू लागला. पायांचा प्रश्न पुष्कळसा या लाभलेल्या आयुष्यातूनच वाढला. १९४८ साली पॅरिसमध्ये कुन्लिन याने रोग्याचीच नीला जोडून रक्तास वळणवाट करून दिली. १९६४ मध्ये अमेरिकेत ८२ वर्षांच्या एका बाईने पाय कापून घेण्यास साफ नकार दिला, तेव्हा डॉटर याने नळी घालून तिची रोहिणी आतूनच रुंद केली. बाई स्वतःच्या पायांनी चालली! तिच्या हट्टाचे उपकार वैद्यकशास्त्राने मानावयास हवेत.

मात्र पोटरीखालच्या बारीक वाहिन्याच बुजल्या, तर जोडावे कोठे? १९९७ साली आसाहारा व इस्नर यांनी प्रौढांच्या रक्तात वाहिन्या घडविण्यास हातभार लावणाऱ्या पेशी असल्याचे मांडले. २००२ मध्ये जपानी वैद्यांनी रोग्याच्याच अस्थिमज्जेतील पेशी पोटरीच्या स्नायूत टोचल्या. वेदना कमी झाल्या, चालणे वाढले. आशेला उधाण आले. पुढे नेदरलँड्समध्ये १६० रोग्यांवर कसून परीक्षा झाली. काहींना पेशी, काहींना नुसता देखावा. कोणास काय मिळाले हे रोग्यासही ठाऊक नव्हते, वैद्यासही नव्हते. २०१५ साली निकाल आला: पाय कापण्याचे प्रमाण कमी झाले नाही. तेथे पेशी रोहिणीतून सोडल्या होत्या, स्नायूत नव्हे, हे खरे. पण उत्साहाला लगाम बसला तो बसलाच.

आपल्या देशात बंगळूरच्या स्टेमप्युटिक्स या संस्थेने निरोगी दात्यांच्या मज्जेतील पेशी वाढवून औषध केले. २०१६ मध्ये त्यास मर्यादित परवानगी मिळाली ती बर्गर रोगासाठी. तो तंबाखूचा रोग, मधुमेहाचा नव्हे. २०२० मध्ये ही परवानगी चरबी साचून रोहिण्या बुजलेल्यांपर्यंत वाढविण्यात आली. ही कक्षा नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण ‘पेशींचे इंजेक्शन’ एवढ्या शब्दावर वावर विकावयास निघणारी माणसे असतात. मान्यता नसलेले असले उपचार परीक्षणाबाहेर, पैसे घेऊन करू नयेत, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत बजावलेले आहे.